पंज्याची करंगळी

पंजा करताना सगळ्यात अवघड बोट कोणतं, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. लोक भलतंच विचारतात. "आजी, नजर खरंच लागते का हो?" या अंकासाठी लिहा म्हणून जो मुलगा माझ्या मागे लागला, त्यानंही चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या हेच विचारलं. मी म्हटलं, "बाळा, छत्रीवाल्याला कधी विचारलंस का, पाऊस खरंच पडतो का म्हणून?" तो हसला, पण मी उत्तर टाळलं हे त्याला कळलं. टाळलंच. ज्या गोष्टीवर जन्मभर भाकरी खाल्ली, तिच्यावर विश्वास आहे की नाही, याचा विचार करायला ओताऱ्याच्या बाईला सवड कुठून मिळणार?

तर अवघड बोट म्हणजे करंगळी. अंगठा नव्हे. अंगठा कसाही केला तरी अंगठाच दिसतो. करंगळी का अवघड, ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जेव्हा मी नवी सून होते आणि मला सगळं येतं असं माझं ठाम मत होतं.

आम्ही ओतारी. पितळ वितळवून साच्यात ओततो म्हणून ओतारी. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आमचं पाल पडायचं. घंटा, घुंगरं, कड्या असं सगळं असायचं, पण लोक यायचे ते पंज्यांसाठी. पंजा म्हणजे उघड्या हाताच्या आकाराचा पितळी ताईत, साधारण अंगठ्याएवढा. काळ्या दोऱ्यात ओवून बैलाच्या गळ्यात, तान्ह्या पोराच्या कमरेला, नाहीतर नव्या घराच्या चौकटीला बांधायचा. समोरून वाईट नजर आली की हा हात तिला सांगतो, तिथंच थांब, बाई. हा हात कुणाचा, यावर मात्र आमच्या पालापुढं रोज वाद व्हायचे. मुसलमान गिऱ्हाईक म्हणायचं आमच्या पीराचा, मराठ्याची म्हातारी म्हणायची लक्ष्मीचा. माझे सासरे दोघांनाही मान हलवून 'व्हय' म्हणायचे आणि दोघांनाही पंजा द्यायचे.

पंज्याची पहिली पायरी मेणाची, आणि ती घरातल्या बाईची. मधमाशीच्या मेणात थोडी राळ घालून ते चुलीच्या उबेला मऊ करायचं आणि चिमटीत धरून हात घडवायचा. त्यावर बारीक माती, मग शेण कालवलेली जाड माती लिंपायची, एक भोक ठेवायचं, सावलीत वाळवायचं. भट्टीत तापवलं की मेण भोकातून गळून जातं आणि आत हाताची पोकळी राहते. त्या पोकळीत पितळ ओतायचं. निवलं की माती फोडायची. साचा दर वेळी फुटतो, म्हणून प्रत्येक पंज्यासाठी मेणाचा हात नव्यानं करावा लागतो. ठशानं करणारे नंतर आले. आमचा प्रत्येक हात वेगळा जन्माला यायचा.

लढाईमुळं नवं पितळ मिळत नव्हतं. लोक घरचे फुटके तांबे, चेपलेली पातेली घेऊन यायचे आणि 'यातून करा' म्हणायचे. एका बाईनं सासूचा तांब्या आणला होता. सासू घरी नव्हती. "पंजा कुणाला पाहिजे?" मी विचारलं. ती म्हणाली, "तिलाच. तिची नजर लई वाईट हाय. तिच्याच गळ्यात बांधते, म्हंजी भायेर पडायची न्हाई." मी सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी तांब्या घेतला. गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

मिशनच्या शाळेतले एक मास्तर यायचे. ख्रिस्ती, स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी पुस्तकी. पंजा घ्यायचा म्हटलं की इकडंतिकडं बघायचे. पाद्रीसाहेबांना असलं काही आवडायचं नाही. एकदा साहेबांनी त्यांना आमच्या पालापाशीच गाठलं. आता मास्तर काय करतात म्हणून आम्ही बघत होतो. मास्तरांची पुस्तकी भाषा त्या क्षणी पार गळून पडली. म्हणाले, "साहेब, किरिस्ताव मी हाय. म्हैस न्हाई." साहेबांना मराठी बरं येत होतं. ते बराच वेळ विचार करून निघून गेले.

पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे बाजारातले दलाल. त्यांच्यातला बाबू दलाल सगळ्यात पोचलेला. तो देखण्या बैलाला कधीच पंजा बांधायचा नाही. बांधायचा तो रोडक्या, बरगड्या मोजता येतील अशा बैलाला, आणि तोही मोठ्यातला मोठा. घेणारा पंजा बघायचा आणि मनात म्हणायचा, ज्याला नजर लागायची भीती आहे त्याच्यात काहीतरी असलंच पाहिजे. अर्धा बैल बाबू विकायचा, अर्धा आमचा पंजा. मात्र पंजा तात्या ओताऱ्याचाच हवा. तात्या म्हणजे माझे सासरे. त्यांच्या पंज्याची खूण आंधळ्यालाही कळायची: करंगळी वाकडी.

इतर चार बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, आणि करंगळी बाजूला फेंगडलेली. बघितल्या बघितल्या माझ्या डोळ्यांत खुपली. माझं माहेर नगरचं. माझे वडील देवाच्या मूर्ती ओतायचे. आमच्याकडं देवाचं बोट तसूभर हललं तर वडील मूर्ती परत भट्टीत टाकायचे. मेणाचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकले होते, आणि नखं, रेषा, पेरं सगळं काढता यायचं. लग्न होऊन आले ते या गुर्मीतच.

घरात सासू नव्हती. माझे मालक रांगत होते तेव्हाच ती साथीत गेली, एवढंच मला ठाऊक. सासऱ्यांनीच मुलांना वाढवलं, मेणाचं बाईचं कामही तेच करायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. माझ्याशी तर मुळीच नाही. त्या काळी सासरा सुनेशी बोलायचा तो भिंतीकडं किंवा भात्याकडं बघून. "भात्या, आज भाकरी करपलीया," असं ते म्हणाले की मी समजायचे. मी आल्यावर त्यांनी मेण माझ्याकडं दिलं, पण शेजारी बसून राहायचे. मी चार बोटं करायची आणि करंगळी ते स्वतः काढून घ्यायचे. पाचव्या बोटाला मला हातच लावू द्यायचे नाहीत. याचा मला फार राग यायचा.

पोळा जवळ आला होता. बैलांचे पंजे पोळ्याच्या आधी खपतात तेवढे वर्षभर खपत नाहीत. नेमकं तेव्हाच पुणतांब्याहून निरोप आला, नणंदेला मुलगा झाला, बारशाला या. मामंजी गेले, आणि तिथं हिवतापानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. जाताना एक जुना पंजा नमुना म्हणून माझ्यापुढं ठेवून गेले. भात्याला म्हणाले, "असंच झालं पायजे." मी पदराआडून मान डोलावली.

ते वेशीबाहेर पडले आणि मी पहिलाच हात केला, पाचही बोटं सरळ. काय सुरेख झाला होता! आज एवढी वर्षं झाली, पण मी अजूनही म्हणते, तसा पंजा त्या जिल्ह्यात कुणी केला नाही.

मालकांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "तात्यांची करंगळी वाकडी असती."

"का पण?"

"गालबोट हाय ते. वस्तू लई देखणी झाली की तिलाच दिष्ट लागती. म्हनून एक बोट वाकडं."

"मग काजळाची तीट लावा," मी म्हटलं. "बोट कशाला मोडता?"

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं हट्ट माझा आणि माघार त्यांची असा घरातला रिवाज होता. त्यांनी भाता धरला. पोळ्यापर्यंत टोपली भरून सरळ बोटांचे पंजे निघाले आणि पोळ्याच्या आदल्या बाजारात हातोहात गेले. शेजारच्या गोणपाटावर ठकूबाई बसायची, काळे दोरे, गोंडे आणि कवड्या विकायची. आमचे पंजे तीच ओवून द्यायची. तिनं पहिला पंजा हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच वाकडी आहे. मग खाली मान घालून दोरा ओवायला लागली. मी मनात म्हटलं, जळते.

पुढच्या बाजारी हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला कळलं.

पहिला आला पाथर्डीकडचा एक शेतकरी. पंजा गोणपाटावर आपटला. "तुमचा न्हाई ह्यो. माझा बैल लंगडाया लागला." दुसऱ्याची गाय आटली होती. तिसऱ्याचा मुलगा रात्रभर रडत होता, आणि बायको म्हणत होती की पंजा सोडल्यावर गप बसला. मिशनचे मास्तर आले आणि खालच्या आवाजात म्हणाले की म्हैस लाथा झाडते आहे, तरी कृपया पूर्वीच्या पद्धतीचा द्यावा. एक जण मात्र आला आणि म्हणाला, माझं सगळं बरं चाललंय. "मग परत का आणलात?" मालकांनी विचारलं. "बरं चाललंय, त्येचीच तर भ्या वाटतीया," तो म्हणाला. "गालबोट नगं का?"

शेवटी बाबू दलाल आला, आणि त्याच्यामागं माणसं जमली. त्याचा रोडका बैल विकलाच गेला नव्हता. गिऱ्हाइकानं पंजा बघून नकली म्हणून तोंड फिरवलं होतं. बाबूनं पंजा माझ्या नाकापुढं धरला. "वैनी, तुमी नगरच्या, लई शिकलेल्या. पन सरळ बोटानं तूप निघत न्हाई, एवढं तरी शिकवलं का न्हाई तुमच्या बापानं?" सगळा बाजार हसला. मी पदर इतका पुढं ओढला की मला समोरचं दिसेना. गोणपाटावर माझ्या हातांचा ढीग वाढत गेला.

आणि नेमके त्याच वेळी मामंजी आले. पुणतांब्याहून मिळेल त्या गाडीनं मजल दरमजल करत थेट बाजारातच उतरले होते, तापानं अर्धे झालेले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी ढिगातला एक पंजा उचलला आणि उन्हात धरून बराच वेळ बघितला. मला वाटलं आता चप्पल निघणार. ते एवढंच म्हणाले, "काम चांगलं हाय." मग गर्दीला म्हणाले, "समद्यांचे बदलून देतो." आणि पाठ फिरवून बसले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी भात्याजवळ उभं राहून मालकांना म्हणाले, "सूनबाईला नगरला पोचवून ये. दिवाळीपतूर ऱ्हाऊ दे तिकडं."

'पतूर' हा शब्द मला चांगलाच ठाऊक होता. शेजारच्या गल्लीतली एक सून अशीच पंचमीपतूर माहेरी गेली होती. पंचम्या कितीतरी येऊन गेल्या, तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. मी आत जाऊन दोन लुगडी बोचक्यात बांधली. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. एका पितळी करंगळीपायी संसार मोडावा? माझे वडील मूर्तिकार, आणि मी सरळ बोट केलं म्हणून परत जाणार! लोकांना सांगायला कारण तरी बरं असायला हवं होतं.

एवढ्यात ठकूबाई दोऱ्यांची पेंडी घेऊन आली. बोचकं बघितलं, अंगणात भट्टीपाशी सरळ पंज्यांची टोपली वितळवायला घेऊन बसलेले मामंजी बघितले, आणि तिला सगळं समजलं. कमरेवर हात ठेवून ती त्यांच्यापुढं उभी राहिली. आख्ख्या घोडेगावात तात्यांना अरे-तुरे करणारी ती एकटीच होती.

"तात्या, पोरीला घालवतुयास व्हय? पन तिला सांगितलंस का कधी, ती करंगळी कुनाची हाय ते?"

मामंजी भट्टीतले कोळसे उगाचच सारखे करू लागले.

"कुनाची म्हंजी?" भात्याला तेल लावत बसलेल्या मालकांनी वर बघितलं. "गालबोट हाय ना ते?"

"कसलं गालबोट रं! तुझ्या आईचं बोट हाय ते. पारूचं." ठकूबाई उंबऱ्यावर बसली. "तुझी आई मेनाचं काम करायची, सोताचा डावा हात म्होरं धरून. जसा दिसंल तसा करायची. एकदा वला साचा भट्टीपाशी फुटला अन् तिची करंगळी भाजली. बरी झाली ती वाकडीच. मंग पंजाबी वाकडा व्हाया लागला. आमी हसायचो. ती म्हनायची, माझा हात हाय, माझ्यासारखाच व्हनार. ती गेली, अन् ह्यानं तिचा हात करायचं सोडलं न्हाई. कुनी इचारलं तर काय सांगनार? बायकूचं नाव काढाया लाजला अन् म्हनला, गालबोट हाय. लोकान्लाबी पटलं. आता नेवाशाचा ओतारीबी वाकडी करंगळी काढतो. त्येला वाटतं त्येच्यात मंत्र हाय."

मालकांनी नमुन्याचा जुना पंजा उचलला आणि तळहातावर ठेवून बघत बसले. त्यांना आईचा चेहरा आठवत नव्हता. तिचा एक फोटो नव्हता घरात. आणि कळायला लागल्यापासून ते दर बाजारी तिचा हात ओतत होते, घासत होते, चकाकी आणून बैलांच्या गळ्यात बांधत होते. त्यांनी तो पंजा आपल्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारी धरून पाहिला. मी तिकडून नजर काढून घेतली.

मग माझं मला कळायच्या आत मी बोचकं खाली ठेवलं, चुलीजवळचं मेण घेतलं, चार बोटं केली आणि भट्टीपाशी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांशी सरळ बोलले, भिंत नाही, भाता नाही.

"मामंजी, कोणत्या पेरापासून वाकडी होती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तोवर त्यांनी मला नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी मेण हातात घेतलं नाही, आपली करंगळी पुढं केली. "मधल्या पेरात. आत न्हाई, भायेर. लई झालं, जरा कमी. हां." मग थांबून म्हणाले, "मेन दाबताना ती वाकायची न्हाई. तशी वर उचलून धरायची ती. च्या पिनाऱ्या सायबावानी." आणि हसले. हसता हसता त्यांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि भट्टीच्या धुराला शिवी दिली. भट्टी अजून पेटलेली नव्हती.

मी नगरला गेले नाही. टोपलीतले सगळे पंजे वितळले, एक सोडून. तो मामंजींनी बाजूला काढला आणि खुद्द माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो दाराला लाव. घरात दोन बायांचे हात झाले, आता नजर लागायची." ठकूबाईनं त्याला दोरा फुकट दिला. ठकूबाईनं काही फुकट दिलं, ही बातमी मी बाजारात सांगितली तेव्हा कुणाला खरी वाटली नाही.

नंतरच्या बाजारी बाबू दलालानं नवी करंगळी नखानं तपासली आणि 'आता कसं!' म्हणाला. त्याचा रोडका बैल त्याच दिवशी विकला गेला. त्या पंज्यात माझं कसब किती आणि पारूबाईचं पुण्य किती, हे मला माहीत नाही. गिऱ्हाइकांना आम्ही शेवटपर्यंत गालबोटच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कुणाच्या बैलाला बरं वाटलं नसतं.

मामंजी गेले, पुढं मालकही गेले. भट्टी कधीच विझली. आता ट्रकच्या आरशाला प्लॅस्टिकचे हात लटकतात, पाचही बोटं सरळ, एकाच ठशातले. मी रस्त्यानं जाताना त्यांच्याकडं बघून नाक मुरडते. हे म्हणजे देवाची करणी बघा, एके काळी मीच तसले करत होते.

गेल्या हिवाळ्यात माझा डावा हात आखडला. जन्मभर मेण दाबून सांधे धरलेत म्हणे. नातीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, मन लावून बघत होता. त्यानं माझी बोटं एकेक करून हलवली आणि करंगळीपाशी थांबला. मधल्या पेरात वाकली होती. बाहेरच्या बाजूला.

"आजी," तो म्हणाला, "वेळेवर आलात. ही करंगळी सरळ करता येईल."

मी हात मागं घेतला. म्हटलं, "राहू द्या."